रॅम दुप्पट केली आणि गेम मंदावले: दोष नेमका कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. आधी ८-८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, वेग ३२००, सीएल (मागणी केल्यावर डेटा यायला लागणारे ठोके) १६, एकाच पाकिटातून जोडीने घेतलेल्या. आता त्यात ८-८ च्याच पण २६६६ च्या आणखी दोन टाकून ३२ जीबी केली. तेव्हापासून व्हॅलोरंटमध्ये २०० च्या आसपास मिळणारे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) १६० च्या घरात आले आणि मधेच झटके बसतात. सायबरपंकमध्ये मात्र फारसा फरक नाही. मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारी चाचणी, पास झाली, दुकानदार विंडोज नव्याने टाकायला सांगतोय. सोबत टास्क मॅनेजरचा फोटो, त्यात स्पीड २१३३ आणि चारही स्लॉट भरलेले दिसतायत.

विंडोज टाकू नका. दोष त्या फोटोतच दिसतोय.

तुम्ही विचाराल, ३२०० आणि २६६६ एकत्र केल्यावर फार तर २६६६ मिळायला हवं होतं, दोन्हीपेक्षा खाली २१३३ कसं आलं? याचं कारण असं की पाकिटावर छापलेला ३२०० हा तुमच्या जुन्या स्टिकचा मूळ वेग नाहीच. प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते, तिच्यात त्या स्टिकची कुंडली लिहिलेली असते: क्षमता किती, कोणत्या वेगाला कोणतं टायमिंग, किती व्होल्ट. या नोंदींचे दोन भाग असतात. पहिला भाग जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे, १.२ व्होल्टवर चालणारा. ३२०० सीएल १६ च्या किटमध्ये या भागात बहुतेक वेळा २१३३ किंवा २४०० हाच वरचा आकडा असतो. दुसरा भाग म्हणजे एक्सएमपी प्रोफाइल. ३२००, सीएल १६, १.३५ व्होल्ट ही नोंद तिथे असते, आणि ते प्रोफाइल बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन आपण स्वतः चालू करायचं असतं. असूसच्या एएमडी बोर्डवर त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयच्या बऱ्याच बोर्डांवर ए-एक्सएमपी. काम एकच.

तुमच्या नव्या २६६६ च्या स्टिक साध्या, म्हणजे जेडेकच्याच नोंदीवर चालणाऱ्या. चार स्टिक एकदम दिसल्यावर बोर्डाने जुनं प्रोफाइल सोडून दिलं, किंवा एक्सएमपीवर उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही म्हणून सुरक्षित वेगावर आला. रॅम टाकल्यावर पहिल्यांदा मशीन आपोआप दोन-तीनदा बंद-चालू झालं असेल तर तेव्हा हेच चाललं होतं. मग बोर्डाने चौघींच्या जेडेक नोंदी पाहिल्या आणि सगळ्यांना झेपेल असा वेग घेतला: २१३३. म्हणजे तुमच्या जुन्या, चांगल्या स्टिकमुळेच आकडा २६६६ च्याही खाली गेला. नव्या स्टिक खराब आहेत असं यावरून अजिबात ठरत नाही.

आता यात किती नुकसान होतं ते पाहू, कारण २०० चे १६० होणं अनेकांना खरं वाटत नाही. ३२०० वर दोन चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधले दोन स्वतंत्र रस्ते) मिळून मेमरीची कमाल वहनक्षमता सेकंदाला ५१.२ जीबी असते, २१३३ वर ती ३४.१ वर येते. म्हणजे एक तृतीयांश गेली. दुसरं, उशीर. सीएलचा आकडा नुसता पाहून काही कळत नाही, त्याला २००० ने गुणून वेगाने भागा म्हणजे नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल १६ म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. २१३३ सीएल १५ म्हणजे १४ च्या थोडं वर. सीएल १६ चा १५ झाला म्हणून फायदा झाला असं वाटतं, प्रत्यक्षात प्रत्येक मागणीला ४० टक्के जास्त थांबावं लागतंय.

तिसरं नुकसान खास रायझनचं. तुमच्या ३६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि ३२ एमबी एल३ कॅशही (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६-१६ अशी वाटलेली आहे. एका गटाला दुसऱ्या गटाकडचं काही हवं असेल किंवा मेमरीतलं काही हवं असेल, तर ते इन्फिनिटी फॅब्रिकमधून येतं, आणि हे फॅब्रिक मेमरीच्या घड्याळाबरोबर चालतं. ३२०० च्या रॅमचं खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झ, तेव्हा फॅब्रिकही १६०० वर. रॅम २१३३ वर आली की फॅब्रिक १०६६ वर आलं. म्हणजे तुम्ही रॅम बदलली आणि नकळत प्रोसेसरच्या आतला रस्ताही मंद झाला. याच कारणाने रायझन ३००० च्या मशीनवर मेमरीचा वेग हा माझ्या दृष्टीने क्षमतेइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि नवीन मशीन बांधताना लोक नेमकं तिथेच पैसे वाचवतात याचं वाईट वाटतं.

सायबरपंकमध्ये फरक का नाही, हेही यातून सुटतं. तिथे १६६० सुपर पूर्ण ताकदीने राबत असतं, प्रोसेसर कार्डाची वाट पाहत बसतो. व्हॅलोरंटमध्ये उलट: कार्डाला काम कमी, प्रत्येक फ्रेमचा हिशेब प्रोसेसरने करायचा, आणि प्रोसेसर मेमरीची वाट पाहतो. काउंटर-स्ट्राइक २ चंही तसंच. तुम्ही दोन्ही गेमचे निकाल लिहिलेत हे फार बरं केलंत, नाहीतर कार्डापासून शोध सुरू करावा लागला असता.

आता करायचं काय. सगळ्यात आधी नव्या दोन स्टिक काढा. मशीन बंद करा, पॉवर सप्लायमागचं बटन बंद करा, वायर काढा, कॅबिनेटचं पॉवर बटन काही सेकंद दाबून धरा, मगच हात घाला. जुन्या दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बोर्डाच्या पुस्तिकेत यांना ए२ आणि बी२ म्हटलेलं असतं. चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, एक्सएमपी लावा, एफ१० ने सेव्ह करून बाहेर या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स, मेमरी इथे ३२०० दिसतंय का बघा. सीपीयू-झेड हे हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे १६०० दिसेल, घाबरू नका. डीडीआर मेमरी एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, सीपीयू-झेड ठोके दाखवतं आणि टास्क मॅनेजर दुप्पट आकडा दाखवतो. चॅनेलच्या रकान्यात मात्र ड्युअल किंवा २ x ६४-बिट असंच हवं.

मग मोजा, आणि नीट मोजा. व्हॅलोरंटच्या रेंजमध्ये एकाच जागेवरून एकच फेरी, तीच सेटिंग, मागे ब्राउझर बंद. सरासरीबरोबर १ टक्का लो (सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा घ्या, तुम्हाला जाणवणारे झटके सरासरीत दिसत नाहीत, इथे दिसतात. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये किंवा कॅपफ्रेमएक्समध्ये हा आकडा मिळतो. एफपीएस पूर्वीसारखे आले तर निदान पक्कं, पुढचा सगळा प्रश्न फक्त निवडीचा उरतो.

आणि ही निवड करताना तुम्हाला ३२ जीबीची खरंच गरज आहे का, हे स्वतःला विचारा. १६ जीबी लावून तुमचा नेहमीचा खेळ खेळा, डिसकॉर्ड, ब्राउझर जे काही चालू ठेवता ते सगळं चालू ठेवून, आणि टास्क मॅनेजरमध्ये किती मेमरी वापरात आहे ते पाहा. ११-१२ जीबीवर थांबत असेल तर उरलेल्या जागेचा गेमला काहीही उपयोग नाही. रिकामी मेमरी एफपीएस वाढवत नाही. मेमरी अपुरी पडत असताना ती वाढवली तर झटके थांबतात, तेवढाच तिचा उपकार. १५ च्या वर जाऊन मशीन डिस्कवर घासत असेल, किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल, तर मात्र ३२ घ्याच.

घ्यायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: १६-१६ च्या दोन स्टिकचं एकच किट घ्या, ३२०० किंवा ३६०० चं, सीएल १६ किंवा १८, आणि आत्ताच्या चारही विकून टाका. २६६६ ची जोडी परत करता येत असेल तर मुदत संपायच्या आत आधी ते काम करा. ३६०० ही या प्रोसेसरसाठी उत्तम जागा, तिथे फॅब्रिक १८०० वर मेमरीसोबत चालतं; त्याच्या फार वर गेलं की दोघांची साथ सुटते आणि महाग रॅम घेऊनही उलट उशीर वाढतो.

परत घेत नाहीत, पैसे अडकलेत, चारही स्टिक चालवायच्याच आहेत? चालवता येतात, पण अपेक्षा बेताची ठेवा. रायझन ३००० ला एएमडीने अधिकृतपणे दोन स्टिकवर ३२०० दिलंय, चार सिंगल रँक स्टिकवर २९३३ आणि चार ड्युअल रँकवर २६६७. रँक म्हणजे स्टिकवरच्या एकत्र काम करणाऱ्या चिपचा संच, सिंगलमध्ये एक, ड्युअलमध्ये दोन. तुमच्या ८ जीबीच्या स्टिक बहुधा सिंगल रँक असतील. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये एकेक स्लॉट निवडून खात्री करा. जुनी जोडी ए२-बी२ मध्ये आणि नवी ए१-बी१ मध्ये लावा, म्हणजे दोन्ही चॅनेलवर एक-एक जुनी आणि एक-एक नवी येईल. एक्सएमपी चालू करू नका, कारण त्याने नव्या स्टिकलाही ३२०० सीएल १६ वर ओढलं जाईल आणि मशीन बहुधा उठणार नाही. वेग हाताने २६६६ ठेवा, व्होल्टेज १.३५, सीएल १९ पासून सुरुवात. २६६६ च्या साध्या स्टिकला १.३५ सहसा झेपतं, त्यापलीकडे नेऊ नका. हे स्थिर चाललं तर सीएल कमी करत १६ पर्यंत जाऊन बघा; २६६६ सीएल १६ म्हणजे १२ नॅनोसेकंद, आत्ताच्या १४ पेक्षा चांगलं. मग हवं तर २९३३ सीएल १८. २६६६ च्या वर बोर्ड सहसा गिअर डाउन मोड लावतो आणि त्यात विषम सीएल चालत नाही, १७ लिहिलं तरी १८ होतं, तेव्हा सम आकडाच लिहा.

प्रत्येक बदलानंतर चाचणी हवी, आणि इथे तुमच्या पास झालेल्या मेमटेस्टबद्दल बोललं पाहिजे. ती चाचणी २१३३ वर झाली. २१३३ वर बिनचूक चालणारी स्टिक २९३३ वर चुका करू शकते, म्हणून नव्या सेटिंगला नवी चाचणी. मेमटेस्ट८६ ची फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते, रात्री लावून झोपा. एकही चूक दिसली तर ती सेटिंग सोडा. एकच तर आहे, असं म्हणू नका; मेमरीतली चूक उद्या डिस्कवरच्या फाइलमध्ये उतरते आणि मग खरोखरच विंडोज टाकायची पाळी येते. मात्र सदोष मेमरीने गेम बंद पडतो, निळा स्क्रीन येतो, फाइली बिघडतात. एफपीएस असे शांतपणे २० टक्क्यांनी उतरत नाहीत. म्हणूनच तुमच्या तक्रारीला मेमटेस्ट हे उत्तर नव्हतं.

आकडे बदलताना मशीन उठेनासं झालं तर बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, काही मिनिटं काढून ठेवा किंवा सीमॉस क्लिअरच्या दोन पिना पुस्तिकेप्रमाणे जोडा. त्याआधी एक काळजी घ्या: विंडोज ११ वर ड्राइव्ह बिटलॉकरने लॉक असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. बायोस मूळ स्थितीवर गेला की काही बोर्डांवर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयींची सेटिंग बदलते, मग विंडोज की मागतं, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट तर या दोन्हींशिवाय सुरूच होत नाही.  पंख्यांचा वेगही मूळ स्थितीवर जातो, तोही बघा.

रॅम क्लीनर आणि गेम बूस्टर नावाची ॲप टाकू नका. एमएसकॉन्फिगमध्ये मॅक्सिमम मेमरीची खूण करायला सांगणारे व्हिडिओ आहेत, ती खूण काढलेलीच ठेवा; तिचा उपयोग मेमरी मुद्दाम कमी करून चाचणी घेण्यापुरता आहे. ३२ जीबी झाली म्हणून पेजफाइलही (विंडोज रॅमच्या जोडीला डिस्कवर वापरतं ती जागा) बंद करू नका, काही मोठे गेम त्याशिवाय मध्येच बंद पडतात.

हीच तक्रार इतर मशीनवर थोड्या वेगळ्या रूपात येते, ती लक्षणंही सांगतो. वेगळं कार्ड नसलेल्या, ५६००जी सारख्या मशीनवर रॅमच ग्राफिक्सचीही मेमरी असते. तिथे ८-८ ची जोडी काढून १६ ची एकच स्टिक लावली की एक चॅनेल जातो आणि गेम कोसळतात. क्षमता तेवढीच, वहनक्षमता निम्मी. इंटेल आय५-१०४०० आणि एच४१० किंवा बी४६० बोर्ड असेल तर ३२०० ची रॅम २६६६ वरच चालणार, त्या जोडीची मर्यादाच ती, बायोसमध्ये शोधत बसू नका. लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डावर पक्की आणि स्लॉटमध्ये १६ घातली, तर पहिले ८-८ दोन चॅनेलवर चालतात आणि वरचे ८ एकाच चॅनेलवर. बहुतेकांना याचा त्रास होत नाही. डीडीआर५ वाल्यांचं दुखणं मोठं. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२००, चार स्टिकवर ३६००. दोन स्टिकचं ६००० चं किट छान चाललेलं असताना दुसरं तसंच किट आणून चार स्लॉट भरले की हा फटका बसतो, आणि वर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन कित्येक मिनिटं काळा राहतो. तेव्हा घाबरून पॉवर बंद करू नका, बोर्ड मेमरी जुळवत असतो.

विकत घेताना स्टिकरवरची एक बारीक ओळ वाचा: १आरएक्स८, २आरएक्स८ किंवा १आरएक्स१६. शेवटची असेल तर त्या स्टिकवर आठऐवजी चारच मोठ्या चिप असतात, आणि डीडीआर४ मध्ये अशा चिपमध्ये बँक ग्रुप (चिपमधले आळीपाळीने काम करणारे भाग) चारऐवजी दोनच असतात. वेग आणि सीएल तेच असूनही ती गेममध्ये मागे पडते. ८ जीबीच्या स्वस्त स्टिकमध्ये, विशेषतः लॅपटॉपच्या, ती भरपूर मिळते. लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर गावातल्या दुकानातून, बिलावर नुसतं ‘८ जीबी डीडीआर४’ न लिहिता पूर्ण पार्ट नंबर लिहून मागा. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन स्टिक वेगवेगळ्या वेळी घेतल्या तर आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, म्हणून मी जोडी एकाच पाकिटातली हवी म्हणतो.

जुनी जोडी लावून, ३२०० आणि ड्युअल चॅनेल दिसूनही व्हॅलोरंट १६० वरच अडकलं, तर दोष रॅममध्ये नाही, रॅम बसवताना आत गेलेल्या हातात शोधा. मोठा टॉवर कूलर असेल तर पहिल्या स्लॉटमधल्या उंच स्टिकने पंखा वर ढकलला जातो, किंवा स्टिक दाबताना कूलर हलतो. एचडब्ल्यूइन्फो लावून खेळताना प्रोसेसरचं तापमान पाहा. ९५ अंशांना टेकत असेल तर तो स्वतःहून वेग कमी करतोय. कूलर काढून नवी पेस्ट लावून पुन्हा बसवा. पंख्याची वायर सीपीयू फॅनच्या पिनांवर घट्ट आहे का तेही बघा. मग जीपीयू-झेड उघडा. बस इंटरफेसच्या रकान्यात कार्डावर भार असताना ३.० आणि एक्स१६ दिसलं पाहिजे. एक्स८ किंवा एक्स४ दिसलं तर कार्ड एका बाजूने उचललं गेलंय. काढून, सोनेरी कडा कोरड्या स्वच्छ कापडाने पुसून, खालचं क्लिप वाजेपर्यंत परत दाबा आणि पॉवरची वायरही काढून पुन्हा लावा.